करार कोणाच्या नावावर?

मराठी बायबलच्या पहिल्या भागाला ‘जुना करार’ असे नाव आहे. उर्दूत त्यालाच ‘पुराना अहदनामा’ म्हणतात. करार आणि अहद हे दोन्ही शब्द अरबीतून आलेले. एक मराठीत इतका मुरला की तो बाहेरून आला हे कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. दुसरा उर्दूच्या दिवाणखान्यात राहिला. हिब्रू भाषेत या कल्पनेसाठी ‘ब्रीत’ हा शब्द आहे. आम्हा नांदेड-लातूरकडच्या माणसांना करार म्हटले की आधी बटाईची शेती, दुकानाचे भाडे आणि स्टँप पेपर आठवतो. अशा करारात दोन पक्ष असतात, मुदत असते, साक्षीदार असतात. सही करणारा वारला आणि वारसांत वाद झाला, की कागद वकिलाकडे जातो.

हिब्रू धर्मग्रंथांतील करार या चौकटीत बसत नाही. तो एका म्हाताऱ्या, निपुत्रिक माणसाशी होतो आणि लागू होतो त्याच्या अजून जन्मालाही न आलेल्या पिढ्यांना. ज्यांनी सही केली नाही त्यांना तो बांधतो कसा? त्यात जे द्यायचे कबूल केले आहे ते केवळ अमक्याच्या पोटी जन्मल्यामुळे मिळावे, हा न्याय आहे का? आणि बापाने करार मोडला तर त्याचा भुर्दंड लेकराने का भरावा?

हे प्रश्न यहुद्यांचे, त्यांचे ते पाहून घेतील, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. कुरआनात बनी इस्राईलला पुन्हा पुन्हा हाक मारलेली आहे. ती वाचताना आपल्याला वाटते की हे दुसऱ्या कोणाला तरी चालले आहे. पण चौदाशे वर्षे ती हाक आपल्याच मशिदींत, आपल्याच तोंडून उच्चारली जात आहे. ज्यांच्यासमोर ती वाचली जाते त्यांनाही तिच्यातून काही सांगायचे असणारच. जुन्या ग्रंथांच्या मूळ रूपाविषयी आपल्या उलेमांची जी मते आहेत ती बाजूला न सारताही, आज यहुद्यांच्या हातात जो ग्रंथ आहे तो काय म्हणतो, हे शांतपणे समजून घेता येते.

उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात हजरत इब्राहीम (अ.स.) यांना रात्रीचे आकाश दाखवून सांगितले जाते की तुझी संतती या ताऱ्यांइतकी होईल. मग त्या काळच्या रीतीप्रमाणे जनावरांचे दोन दोन भाग करून ते समोरासमोर मांडले जातात. करार करणाऱ्याने त्या भागांच्या मधून चालायचे, म्हणजे मी शब्द मोडला तर माझीही हीच गत होवो असे कबूल करायचे. पण इथे हजरत इब्राहीमना गाढ झोप लागते. मधून जाते ती धुमसती भट्टी आणि पेटती मशाल. हजरत इब्राहीम मधून चालतच नाहीत. ज्याने वचन दिले त्याने स्वतःलाच बांधून घेतले. कुरआनाच्या वाचकाला हे अनोळखी वाटू नये. अल्लाहने दया करणे स्वतःवर बंधनकारक करून घेतले आहे, हे सूरह अल-अनआममध्ये आलेच आहे.

दोन अध्याय पुढे खुणेची गोष्ट येते. आठव्या दिवशी मुलाचा खतना करायचा. इथे एक बारकावा सहज नजरेतून सुटतो. ही खूण केवळ रक्ताच्या वारसांसाठी नाही. घरात जन्मलेला गुलाम आणि परक्याकडून विकत घेतलेला गुलाम यांचाही खतना करावा, असा स्पष्ट हुकूम तिथे आहे. म्हणजे पहिल्याच दिवशी या करारात अशी माणसे आली की ज्यांच्या अंगात हजरत इब्राहीमच्या रक्ताचा थेंबही नव्हता. त्याच दिवशी तेरा वर्षांच्या हजरत इस्माईल (अ.स.) यांचाही खतना झाला.

आपला वाचक इथे अडखळतो. हिब्रू ग्रंथ म्हणतो की करार हजरत इसहाक (अ.स.) यांच्या वंशातून चालेल आणि हजरत इस्माईलना बरकत व बारा सरदारांचा वंश मिळेल. हे आपल्या श्रद्धेपेक्षा वेगळे आहे आणि ते वेगळे आहे असे सरळ म्हणावे. पण त्याच ग्रंथात वाळवंटात तहानेने व्याकूळ झालेल्या या मुलाचा आवाज वर ऐकला जातो. ‘देव ऐकतो’ हाच त्या नावाचा अर्थ. कुरआन या साऱ्या वादाला वेगळ्याच जागी नेऊन ठेवतो. सूरह अल-बकरामध्ये हजरत इब्राहीम स्वतःच विचारतात की हे इमामपद माझ्या संततीलाही मिळेल का? उत्तर येते की माझे वचन जुलूम करणाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही. कोणत्या मुलाच्या वंशाला, यापेक्षा कसल्या माणसाला, हा प्रश्न तिथे पुढे येतो.

हिब्रू ग्रंथही हीच गोष्ट आपल्या पद्धतीने, कहाण्यांतून सांगतो. त्यात करार कधीच वहिवाटीप्रमाणे थोरल्याकडे जात नाही. हजरत याकूब (अ.स.) धाकटे आणि एसाव थोरला, करार याकूबकडे. हजरत यूसुफ (अ.स.) यांच्या दोन मुलांना आशीर्वाद देताना म्हातारे आजोबा हात अदलाबदल करून उजवा हात धाकट्याच्या डोक्यावर ठेवतात. हजरत दाऊद (अ.स.) हे आठ भावांत सर्वांत लहान, मेंढरांमागे असलेले. आणि त्यांची पणजी रूथ ही मोआबी, म्हणजे परक्या आणि वैरी समजल्या गेलेल्या जमातीची. ती विधवा झाल्यावर सासूला सोडून गेली नाही, एवढीच तिची पुंजी. तिच्या नातवाच्या घरी दाऊद जन्मले. ज्या ग्रंथाला लोक वंशाचा ग्रंथ समजतात त्यानेच वंशाचा अभिमान इतक्या वेळा मोडावा, हा योगायोग नसावा.

शिवाय, वचन एकदा दिले म्हणून ते पुढे आपोआप लागू झाले असेही तिथे दिसत नाही. ते हजरत इसहाकना पुन्हा सांगितले जाते. घरातून पळून जाणाऱ्या हजरत याकूबना, दगड उशाशी घेऊन उघड्यावर झोपलेले असताना, पुन्हा सांगितले जाते. प्रत्येक पिढीला ते नव्याने ऐकावे लागते.

ही गोष्ट मराठवाड्याच्या माणसाला जरा लवकर कळावी. निजामी राजवटीतील इनामांची परंपरा आपल्या गावांत अजून बोलली जाते. मदतमाश आणि खिदमतमाश हे शब्द आजही तलाठ्याच्या दफ्तरात आणि कोर्टाच्या निकालांत आढळतात. मदतमाश म्हणजे निर्वाहासाठी दिलेली जमीन. देणाऱ्याने मेहेरबान होऊन दिली. खिदमतमाश म्हणजे सेवेच्या अटीवर दिलेली. मशिदीत अजान द्यायची, दर्ग्यावर दिवा लावायचा, देवळात पूजा करायची, त्या बदल्यात जमीन कसायची. दोन्हींचा आधार म्हणजे ‘मुंतखब’ हा कागद. पण इनामदार वारला की मुलगा सरळ मालक होत नसे. त्याला आपल्या नावाने ‘विरासत’ मंजूर करून घ्यावी लागे. पिढ्यान् पिढ्या चालणारे इनामसुद्धा प्रत्येक पिढीत एकदा सरकारच्या दारी जाऊन नव्याने मिळत असे. आणि खिदमतमाश असेल तर दिवा लागतो की नाही, हा प्रश्न कोणत्याही दिवशी विचारता येत असे.

हिब्रू धर्मग्रंथांचा अभ्यास करणाऱ्यांनी तिथेही असेच दोन प्रकार पाहिले आहेत. इस्राईलमधील अभ्यासक मोशे वाइनफेल्ड यांनी १९७० साली दाखवून दिले की हजरत इब्राहीम आणि हजरत दाऊद यांना दिलेली वचने प्राचीन काळच्या राजांच्या देणगीसारखी आहेत, तर सिना पर्वतावर हजरत मूसा (अ.स.) यांच्यामार्फत झालेला करार हा सम्राट आणि मांडलिक यांच्यातील तहासारखा, अटी-शर्तींचा आहे. आमच्या भाषेत, एक मदतमाशसारखा आणि दुसरा खिदमतमाशसारखा. हे दोन्ही एकाच ग्रंथात शेजारी शेजारी आहेत आणि त्यांचा ताण कोठेच पूर्णपणे सुटत नाही. माणूस चुकला तरी देणारा वचन सोडत नाही, असे एक आवाज म्हणतो. खिदमत सोडली तर जमीन जाईल, असे दुसरा म्हणतो.

हजरत दाऊदच्या घराण्याचे पाहा. त्यांचे सिंहासन कायम राहील असे वचन एका ठिकाणी बिनशर्त आहे. जबूरच्या एका स्तोत्रात त्याच वचनाला ‘जर’ लागतो: तुझ्या मुलांनी करार पाळला तर. इसवी सनापूर्वी ५८६च्या सुमारास बाबिलोनच्या फौजांनी यरुशलेम जाळले, मंदिर पाडले, राजाचे डोळे काढून त्याला बेड्या घालून नेले. वचन खोटे ठरले का? त्या उद्ध्वस्त लोकांनी जे उत्तर शोधले ते मानवी इतिहासातील फार मोठे उत्तर आहे. राजा गेला, मंदिर गेले, जमीन गेली. मग जे उरले त्यातच करार आहे असे त्यांनी ठरवले. ग्रंथ, शब्बाथ, खाण्यापिण्याचे नियम आणि मुलांना शिकवणे. पुढे इसवी सन ७० मध्ये रोमनांनी दुसरे मंदिरही पाडले तेव्हा हेच उत्तर त्यांच्या कामी आले.

वारसा वंशाकडून ग्रंथाकडे जातो याचा आपल्या अगदी जवळचा दाखला गोदावरीच्या काठी आहे. शिखांचे गुरुपद चौथ्या गुरूंपासून सोढी घराण्यात चालत आले होते. गुरू गोविंदसिंहांचे चारही पुत्र त्यांच्या हयातीतच मारले गेले. १७०८ साली नांदेड येथे अखेरच्या दिवसांत त्यांनी कोणा नातलगाला गादी दिली नाही. यापुढे ग्रंथ हाच गुरू असे सांगितले. हजूर साहिबला देशोदेशीचे यात्रेकरू येतात. त्यांतील बहुतेकांचे गुरूंशी रक्ताचे काहीही नाते नसते आणि तरीही ते आपापल्या परीने वारस असतात. नांदेडच्या उर्दू शाळांतील मुले त्या गुरुद्वाऱ्यावरून रोज जातात-येतात. वंश संपला म्हणजे परंपरा संपत नाही, हा धडा त्यांच्या वाटेवरच उभा आहे.

मग ज्यांनी सही केली नाही त्यांना करार कसा बांधतो? अनुवाद या ग्रंथात हजरत मूसा यांचे शेवटचे भाषण आहे. मिसरमधून निघालेली पिढी चाळीस वर्षांच्या भटकंतीत संपली आहे. समोर उभी आहेत त्यांची मुले. त्यांना ते सांगतात की हा करार आपल्या वाडवडिलांशी झालेला नाही, आज इथे जिवंत असलेल्या आपल्याशी झाला आहे. हिशेबाने पाहिले तर हे बरोबर नाही. करार झाला तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी कित्येक जन्मलेले नव्हते. पण त्यांचे म्हणणे हिशेबाचे नाहीच. पुढे तर ते म्हणतात की आज इथे हजर नसलेल्यांशीही हा करार आहे. आपल्याकडे सूरह अल-आराफमध्ये याहून पुढची गोष्ट आहे. आदमच्या साऱ्या संततीला, जन्माआधीच, त्यांच्या रबाविषयी साक्ष द्यायला लावले. उर्दू शायरीत ‘अहद-ए-अलस्त’ म्हणून जे येते ते हेच. त्याचे कारणही तिथेच दिले आहे: उद्या कोणी म्हणू नये की चूक आमच्या बापजाद्यांनी केली, आम्ही तर त्यांच्यामागून आलो होतो. म्हणजे करार वाडवडिलांकडून आला, हे सबब म्हणून चालणार नाही आणि फुशारकी म्हणूनही चालणार नाही.

हे नुसते तत्त्वज्ञान राहू नये म्हणून हिब्रू ग्रंथाने एक व्यवस्था केली आहे. आम्ही मुलांना शिकवणारी माणसे असल्यामुळे ती आम्हाला विशेष वाटते. वल्हांडणाच्या सणाला मूल विचारील की हे सारे तुम्ही कशासाठी करता, तेव्हा त्याला सांगा, असे तौरातमध्ये एकदा नव्हे, तीन-चार ठिकाणी लिहिले आहे. आजही यहुदी घरांत त्या रात्री सर्वांत लहान मुलाने प्रश्न विचारायचे आणि मोठ्यांनी उत्तर द्यायचे, अशी रीत आहे. उत्तर देणाऱ्याने ‘आमचे पूर्वज गुलाम होते’ एवढ्यावर थांबायचे नाही. मीच गुलामीतून बाहेर आलो असे मानून सांगायचे. करार रक्तातून वाहत असता तर प्रश्नोत्तरांची गरजच पडली नसती. तो वाहतो तो लेकराच्या प्रश्नातून. उत्तर देणारा प्रामाणिक असला तर तो पुढे जातो, नसला तर तिथेच अडतो.

याचे मराठी बोलणारे उदाहरण कोकणात आहे. रायगड जिल्ह्यातील बेने इस्राईल समाजाची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटले आणि सात जोडपी वाचली. ग्रंथ बुडाले, पुढे हिब्रू भाषाही विसरली. ते तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर झाले, मराठी त्यांची घरची भाषा झाली. टिकले एवढेच: शब्बाथ, आठव्या दिवसाचा खतना, खवल्यांचेच मासे खाण्याचा नियम आणि ‘शमा’ ही एकच प्रार्थना, जी ते प्रत्येक शुभ-अशुभ प्रसंगी म्हणत. नवस फेडताना ते हजरत इलियास (अ.स.) यांच्या नावाने मलिदा करतात. आमच्याकडे फातिहाला मलिदा होतो तो चपातीचा, त्यांचा पोह्यांचा. शब्द मात्र तोच.

या समाजातील अनेक कुटुंबे १९४८ नंतर इस्राईलला गेली. तिथे १९६२ साली मुख्य धर्मपीठाने लग्नाआधी त्यांची वंशावळ तपासण्याचा आदेश काढला. शेकडो वर्षे एका प्रार्थनेच्या आधारावर करार सांभाळलेल्या माणसांना विचारण्यात आले की तुमची आजी-पणजी कोण? त्यांनी मोर्चे काढले, धरणी धरली, आणि १९६४ साली तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचा ठराव केला. वंशावळीपेक्षा शनिवारी बंद राहिलेला घाणा हा त्यांचा मोठा पुरावा होता असे आम्हाला वाटते. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली यहुदी समाजाला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तेव्हा इथे ते थोडेच उरले होते.

आता कराराची दुसरी, कडू बाजू. वचन पुढच्या पिढीला मिळत असेल तर शिक्षाही मिळणार का? दहा आज्ञांतच लिहिले आहे की बापाच्या अपराधाचा हिशेब तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत घेतला जाईल. मात्र प्रेम करणाऱ्यांवरची दया हजार पिढ्यांपर्यंत जाईल. हे प्रमाण लक्षात घेण्यासारखे आहे. तरीही तिसऱ्या-चौथ्या पिढीतल्या निरपराध लेकराचे काय? बाबिलोनच्या बंदिवासातल्या लोकांत एक म्हण झाली होती. आंबट द्राक्षे खाल्ली बापांनी आणि दात आंबले मुलांचे, अशा अर्थाची. यहेज्केल या नबीने ती म्हण यापुढे वापरायचीच नाही असे बजावले. ज्याचे पाप त्याला. बापाचे मुलाला नाही, मुलाचे बापाला नाही. एकाच ग्रंथात एका आवाजाने दुसऱ्याला अशी दुरुस्ती करावी, ही त्या ग्रंथाची थोरवी आहे. कुरआन हाच नियम सूरह अन-नज्ममध्ये सांगतो आणि तो सांगताना म्हणतो की हे तर मूसा आणि इब्राहीम यांच्या ग्रंथांतच होते: कोणी कोणाचे ओझे उचलणार नाही.

नांदेड-लातूरच्या मुसलमानाला हे वाक्य रोजच्या जगण्याशी जोडलेले आहे. १७ सप्टेंबरला आमच्या शाळांत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते. भाषणात रझाकार येतात आणि मग वर्गात एखादे मूल हमखास विचारते, “सर, रझाकार अपने थे क्या?” हा वल्हांडणाच्या रात्रीचाच प्रश्न आहे. त्याला टाळून पुढचा धडा घेणे सोपे असते.

टाळू नये असे आम्हाला वाटते. कासिम रझवी हा लातूरचा वकील होता. त्याच्या रझाकारांनी गावे लुटली, जाळली, माणसे मारली, हे खरे आहे आणि ते मुलाला सांगितले पाहिजे. त्याला विरोध करणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान मुसलमान होते आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांची हत्या झाली, हेही सांगितले पाहिजे. पोलीस ॲक्शननंतर सामान्य मुसलमानांवर जे गुदरले त्याची पाहणी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने केली. मृतांचा आकडा २७ हजार ते ४० हजार असावा असा तिचा अंदाज होता आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद होते; लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. मारल्या गेलेल्यांत कितीतरी असे असतील की ज्यांनी रझवीला पाहिलेही नव्हते. त्याच अहवालात मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद आहे. रझवी तुरुंगातून सुटल्यावर १९५७ साली पाकिस्तानात निघून गेला. त्याच्या नावाचे ओझे मात्र इथेच राहिलेल्या विणकराच्या, बागवानाच्या, पिंजाऱ्याच्या लेकरांवर ठेवले गेले.

त्या मुलाला आम्ही काय सांगावे? गुन्हा वारशाने येत नाही. म्हणून कोणी रझाकाराचा म्हणून हिणवले तर मान खाली घालायचे कारण नाही. पण जो नियम आपल्या बचावाला आला तो दुसऱ्यालाही लावायचा असतो. १९४८ साली हल्ले करणाऱ्यांच्या नातवंडांकडे बोट दाखवण्याचा हक्कही या नियमाने आपल्याला राहत नाही. आणि ज्या गावच्या घराण्याने आपल्या आजोबांना घरात लपवले, त्या घराण्याच्या उपकाराची आठवण मात्र ठेवायची. तिसऱ्या-चौथ्या पिढीत संपावे ते वैर आणि हजार पिढ्या चालावी ती दया, हे प्रमाण माणसालाही लागू करता येते.

ज्या माणसाला आपल्यावर बापजाद्यांचा दोष नको असतो, त्यालाच बापजाद्यांचा मोठेपणा मात्र हवा असतो. लग्नाच्या बोलणीत आधी खानदान विचारले जाते. सय्यद कोण, पठाण कोण, आणि खाटीक, तांबोळी, अत्तार कोण, याच्या पायऱ्या आपण मनात मांडून ठेवलेल्या असतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या लाडक्या कन्येला, हजरत फातिमा (रजि.) यांना, स्पष्ट सांगितले होते की अल्लाहसमोर मी तुझ्या काही कामी येऊ शकणार नाही. हजरत नूह (अ.स.) यांचा मुलगा पुरात बुडाला तेव्हा तो तुझ्या घरचा नाही, असे उत्तर नबीला मिळाले. तरी आपण वंशाची नाव करून पुरातून पार होण्याची आशा धरतो. बनी इस्राईलवर आपण जो ठपका ठेवतो, की ते स्वतःला जन्मानेच निवडलेले समजले, तो ‘आपण तर उम्मती’ या आपल्या निश्चिंतीलाही लागू पडतो.

वचनाच्या जमिनीविषयीही असेच आहे. आज फलस्तीनमध्ये त्या जुन्या वचनाच्या नावाने जे होते ते पाहून आपल्याला संताप येतो आणि तो रास्त आहे. पण हिब्रू ग्रंथानेच लेवीयमध्ये बजावले आहे की जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ परदेशी आणि उपरे म्हणून राहता. म्हणून ती कायमची विकायची नाही. खिदमतमाशला मालकी समजणे हा करार मोडण्याचाच प्रकार, असे ते वचन सांगते. आणि हे म्हणताना आपल्या वक्फच्या जमिनींकडे डोळेझाक करता येत नाही. वक्फ म्हणजे अल्लाहच्या नावे कायमची केलेली, मुतवल्ली तिचा केवळ रखवालदार. २०२५ साली वक्फ कायद्यातील दुरुस्तीवरून देशभर वाद झाला आणि सरकारच्या हेतूंविषयी प्रश्न विचारणे योग्यच होते. पण ज्या जमिनी त्याआधीच गेल्या, त्यांतील काहींच्या कागदांवर आपल्याच माणसांच्या सह्या आहेत. कुरआनात एका ठिकाणी अशा वारसांचे वर्णन आहे, ज्यांना ग्रंथ वारशात मिळाला आणि ज्यांनी या जगाचा क्षुद्र माल उचलून म्हटले की आम्हाला माफ केले जाईल. ते वर्णन बनी इस्राईलचे आहे असे म्हणून पान उलटणे आपल्याला फार परवडणार नाही.

तर करार कोणाच्या नावावर आहे? देणाऱ्याच्या बाजूने तो कधी मोडलेला नाही. हजरत इब्राहीम झोपलेले असतानाही ती मशाल पुढे गेलीच. घेणाऱ्याच्या बाजूला मात्र नावाची जागा प्रत्येक पिढीत कोरी होते. ती बापाच्या नावाने भरता येत नाही आणि बापाच्या अपराधाने खोडलीही जात नाही. तिथे नाव लागते ते दिवा लावणाऱ्याचे, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्याचे, वक्फच्या जमिनीचा हिशेब चोख देणाऱ्याचे, आणि वर्गात उभे राहून अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला खरे उत्तर देणाऱ्याचे. नांदेडच्या आणि लातूरच्या उर्दू शाळांत येत्या १७ सप्टेंबरलाही तो प्रश्न विचारला जाईल. त्या दिवशी वर्गात जो मोठा माणूस असेल, त्याची विरासत त्याच उत्तरावर मंजूर होणार आहे.